कार्ड सर्वांना मिळाले, औषध मात्र सात दिवसांचे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रात 1 जुलै 2024 पासून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना शिधापत्रिकेचा रंग न पाहता सर्व कुटुंबांना लागू झाली आणि उपचारखर्चाची वार्षिक मर्यादा प्रत्येक कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर गेली. त्याच्या आदल्या वर्षी, 15 ऑगस्ट 2023 पासून, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले केसपेपरचे शुल्कही माफ झाले होते. या दोन निर्णयांमुळे सार्वत्रिक आरोग्यसेवा आपल्या राज्यात आलीच, असे अलीकडे सभांतून आणि लेखांतून सांगितले जाते. दुसऱ्या बाजूला, सरकारने सगळ्यांना सगळे फुकट दिले तर तिजोरीही बुडेल आणि वैद्यकीय सेवेचा दर्जाही, असे म्हणणारे काही कमी नाहीत. मी सरकारी ग्रामीण रुग्णालयांत औषधनिर्माता म्हणून 31 वर्षे नोकरी केली. एवढी वर्षे औषधांच्या खिडकीच्या आतून जे दिसले आणि निवृत्तीनंतर खिडकीच्या बाहेरून जे दिसते आहे, ते या वादात कोणीतरी नोंदवावे, एवढ्यासाठी हे पत्र.

योजनेच्या बाजूची गोष्ट आधी सांगतो, कारण ती माझ्याच घरात घडली. माझ्या धाकट्या भावाची सुपारीची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका रात्री, धो धो पाऊस पडत असताना, त्याच्या छातीत कळा येऊ लागल्या. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका तासाभरात आली. तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी निघाला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तिथल्या तिथे चघळायला दिल्या गेल्या. पण फिजिशियनचे पद रिकामे असल्यामुळे त्याला पुढे दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयात न्यावे लागले. तिथे दारातच आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेचे कागद पाहणाऱ्या मदतनीसाचे, टेबल होते. शिधापत्रिका आणि आधार दाखवले, कागद ऑनलाइन गेले, मंजुरी आली आणि अँजिओप्लास्टी झाली. शस्त्रक्रियेसाठी, स्टेंटसाठी, खाटेसाठी आम्हाला एक रुपयाही द्यावा लागला नाही. माझ्या वडिलांच्या पिढीत असा प्रसंग आला असता तर बागेचा एक तुकडा विकावा लागला असता, आणि तो विकेपर्यंत माणूस थांबला नसता. 2012 च्या जुलैमध्ये राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने जे सुरू झाले आणि पुढल्या वर्षी आमच्या सिंधुदुर्गासह उरलेल्या जिल्ह्यांत पोहोचले, त्याचे मोल ज्याच्या घरावर ही वेळ आली आहे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. योजनेला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी एकदा अशा वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर एक रात्र काढावी.

आता त्याच प्रसंगाची दुसरी बाजू. घरी सोडताना भावाला दहा दिवसांची औषधे मिळाली. योजनेत तेवढीच तरतूद आहे. अकराव्या दिवसापासून पाच प्रकारच्या गोळ्या, त्यांतल्या काही जन्मभर, त्याने स्वतः आणायच्या होत्या. आमच्या जवळच्या सरकारी खिडकीवर त्या पाचांपैकी दोन होत्या. उरलेल्या तीन विकत घेऊन महिन्याला हजाराच्या वर रुपये जातात, आणि सुपारीचा दर पडला की त्यांतली एखादी गोळी परस्पर बंद होते. मी स्वतः औषधनिर्माता असूनही हे मला सहा महिन्यांनी कळले. याहून खटकणारी बाब वेगळीच आहे. भावाचा रक्तदाब त्याआधी नऊ वर्षे वाढलेला होता. तो कधी कोणी नियमित मोजला नाही, आणि मोजला तेव्हा मिळालेली गोळी संपल्यावर पुन्हा आणायला तो गेला नाही, कारण एका खेपेला बागेतला एक दिवस मोडतो. रोजच्या एका स्वस्त गोळीचा भार त्या नऊ वर्षांत कोणी उचलला नाही. रक्तवाहिनी तुंबल्यावर मात्र लाखाच्या घरातला खर्च विनातक्रार झाला.

योजनेच्या रचनेतच हे आहे. यादीत नेमून दिलेल्या शस्त्रक्रिया आणि उपचार आहेत, त्यांचे ठरलेले दर आहेत, आणि त्यासाठी रुग्ण दाखल व्हावा लागतो. ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब, दमा, पाठदुखी यांसाठी जो माणूस सकाळी येऊन दुपारी घरी जातो, त्याला कार्डाचा उपयोग नाही. आणि सामान्य कुटुंबाच्या खिशातून आजारपणात जो पैसा जातो, त्याचा मोठा वाटा याच बाह्यरुग्ण उपचारांवर, तपासण्यांवर आणि मुख्यतः औषधांवर जातो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातल्या खर्चाचे प्रमाण 2013-14 मध्ये 64.2 टक्के होते, ते 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आले. ही घट खरी आहे आणि चांगली आहे. पण शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून आजारी माणूसच देतो, आणि ते देताना त्याच्यासमोर आरोग्यमित्राचे टेबल नसते.

आमच्या भागापुरते सांगायचे तर भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका असतो. चिखलात उतरणाऱ्या माणसाने आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या दोन कॅप्सूल घ्यायच्या, आणि ताप आला तर अंगावर न काढता दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठायचा, एवढ्याने पुष्कळ मृत्यू टळतात. 2016 पासून दोडामार्ग आणि बांदा परिसरात गोचिडीतून पसरणारा माकडताप आला. रानात माकड मेलेले दिसले की कळवणे, काजूच्या बागेत जाण्यापूर्वी अंगाला गोचीड लागू नये म्हणून तेल लावणे, तापाच्या रुग्णाचे रक्त वेळेत तपासायला पाठवणे ही सगळी कामे आशाताई, आरोग्यसेवक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर यांची आहेत. कुठल्याही विमा कंपनीकडे यासाठी दावा दाखल करता येत नाही. नियमाप्रमाणे डोंगराळ भागात 20 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 3 हजारांमागे एक उपकेंद्र हवे. इमारती बहुतेक ठिकाणी आहेत. आत कोण बसले आहे, हे मात्र दर पावसाळ्यात नव्याने विचारावे लागते.

सार्वत्रिक या शब्दात नेमके कोण कोण येते, हा प्रश्न आम्हा सीमेवरच्या लोकांना फार पूर्वीपासून पडलेला आहे. आमच्याकडे एखाद्याला बांबोळीला पाठवले असे म्हटले की प्रकृती गंभीर आहे, हे न सांगता कळते. दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतल्या लोकांना बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय कोल्हापूरपेक्षा जवळ. आंबोली घाट चढून रात्री रुग्ण नेण्यापेक्षा राज्याची सीमा ओलांडणे सोपे. 1842 मध्ये पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणारी ही संस्था पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांवर मोफत उपचार करीत आली. 2018 च्या सुरुवातीला गोवा सरकारने राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले आणि दोन्ही राज्यांच्या सरकारांना आपसांत बोलावे लागले. मीही तेव्हा चिडलो होतो. आज शांतपणे पाहिले तर गोव्याचे म्हणणे मला समजते. तिथे 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, जी उत्पन्नाची अट न लावता किमान पाच वर्षे वास्तव्य असलेल्या रहिवाशांना मिळते. ज्यांच्या करातून ती चालते, त्यांच्या खाटा शेजारच्या राज्यातल्या रुग्णांनी भरल्या तर त्यांनी प्रश्न विचारणारच. सगळ्यांना सेवा देऊ म्हणणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला कुठेतरी कुंपण घालावे लागते, आणि कुंपणाजवळ राहणाऱ्यांना ते पहिल्यांदा टोचते. पण त्या कुंपणाबद्दल गोव्याला बोल लावण्याआधी, आमच्या जिल्ह्याला हृदयरोगासाठी आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्याच्या दारात का जावे लागते, हे आपण आपल्या सरकारला विचारायला हवे होते. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते त्यानंतर काही वर्षांनी.

आता तोट्यांविषयी. सार्वत्रिक सेवेचे समर्थक हा भाग गुळमुळीत बोलून सोडून देतात आणि तिथेच लोकांचा विश्वास गमावतात. पहिला तोटा रांगेचा. ब्रिटनने 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. करातून खर्च चालवायचा आणि उपचाराच्या वेळी रुग्णाकडून काही घ्यायचे नाही, हे तिचे सूत्र. पहिल्या दोन-तीन वर्षांतच चष्म्यांची आणि कवळ्यांची मागणी सगळ्या अंदाजांच्या पलीकडे गेली, कारण वर्षानुवर्षे लोकांनी पैशांअभावी दुखणी दाबून ठेवली होती. 1951 मध्ये त्यांवर शुल्क लावायचे ठरले, तेव्हा ही सेवा उभारणारे मंत्री अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आज पंच्याहत्तर वर्षांनंतर इंग्लंडमध्ये नियोजित उपचारांच्या प्रतीक्षा यादीत 70 लाखांहून अधिक नोंदी आहेत. गुडघा बदलण्यासाठी तिथे महिनोन्‌महिने थांबावे लागते. तिथे नोकरी करणारे आपल्याकडचे डॉक्टर सुट्टीला आले की याच रांगेबद्दल कुरकुरतात. आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईला इथे काही झाले तर बिल कोण भरणार, ही काळजीही तेच करतात. रांग आपल्याकडेही आहे. फरक इतकाच, की आपल्या रांगेत ज्याच्या खिशात पैसा आहे तो बाहेर पडून पलीकडच्या दारातून आत जातो आणि ज्याच्याकडे नाही तो रांग सोडून घरी जातो. म्हणून ती मोजली जात नाही.

दुसरा तोटा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. फुकट औषधाला गुण नाही, ही समजूत आणि फुकट आहे तर घेऊन ठेवू, ही सवय, या दोन्ही एकाच गावात सुखाने नांदतात. रुग्णालयाच्या मागच्या गटारात न उघडलेल्या खोकल्याच्या बाटल्या मी कैक वेळा पाहिल्या. साधा थकवा असला तरी सलाईन लावा, सुई द्या, नुसत्या गोळ्या नकोत, असा हट्ट धरणारे लोक रोज भेटत आणि त्यांच्यामागे खरोखर तापाने फणफणलेले मूल ताटकळत उभे असे. शुल्क माफ झाल्यावर गर्दी वाढली, माणसे मात्र वाढली नाहीत. एका डॉक्टरला सकाळच्या चार तासांत दीडशे रुग्ण तपासायचे असतील तर तो प्रत्येकाला दीड मिनिटाहून थोडा अधिक वेळ देऊ शकतो, हा साधा भागाकार आहे. पाच-दहा रुपयांचे शुल्क पुन्हा लावा, हा त्यावरचा उपाय मला मान्य नाही, कारण त्या दहा रुपयांनी हट्टी माणूस थांबत नाही, गरीब बाई थांबते. पण दबाव खरा आहे, एवढे मान्य करायला हरकत नसावी.

तिसरा तोटा विमा पद्धतीचा आहे. ठरलेला दर आणि ठरलेली शस्त्रक्रिया असली की दर परवडतो तिथे रुग्णालयांची रीघ लागते आणि दर परवडत नाही तिथे खाट रिकामी नाही असे उत्तर मिळते. दर अपुरे आहेत, पैसे उशिरा मिळतात, ही खासगी डॉक्टरांची तक्रार केवळ बहाणा म्हणून झटकण्यासारखी नाही. छोट्या गावात वीस खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्याला तीन महिन्यांचे पैसे अडकले की परिचारिकांचे पगार थकतात. राजस्थानने मार्च 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तेव्हा तिथले खासगी डॉक्टर संपावर गेले. आणीबाणीच्या रुग्णाला आगाऊ पैसे न घेता तपासा म्हणता, पण नंतर पैसे देणार कोण, हा त्यांच्या विरोधातला मोठा मुद्दा होता. हक्क देताना खर्चाचे खाते कोणाच्या नावावर पडणार, हे स्पष्ट लिहिले नाही तर तो हक्क आपत्कालीन विभागाच्या दारातच अडतो.

तरीही माझे मत सार्वत्रिक सेवेच्या बाजूचे आहे. फक्त क्रम उलटा लागला आहे, असे मला वाटते. सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 मध्येच सांगून ठेवले होते की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, आणि त्यासाठी तिने गावापासून जिल्ह्यापर्यंत चढत जाणाऱ्या सरकारी दवाखान्यांची साखळी सुचवली होती. थायलंडने 2002 मध्ये कायदा करून 30 बाटची (बाट हे तिथले चलन; रुग्णाने दर खेपेला तेवढेच द्यायचे) प्रसिद्ध योजना देशभर नेली, ती याच वाटेने. तिथे माणशी ठरावीक रक्कम स्थानिक रुग्णालयाच्या जाळ्याकडे जाते, त्यामुळे परिसरातल्या लोकांना निरोगी ठेवण्यात त्या रुग्णालयाचेच हित असते; आणि योजनेआधी काही दशके तिथल्या सरकारने तालुक्याची रुग्णालये बांधून नव्या डॉक्टरांना सक्तीने गावांत पाठवले होते. आपल्याकडे जाळे विरलेले आहे आणि कार्ड कोरे करकरीत आहे. शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी बंधपत्रावर आलेला तरुण डॉक्टर वर्ष संपायची वाट पाहत असतो, आणि त्यालाही फार दोष देता येत नाही. निवासस्थान गळते, मुलांची शाळा दूर, रात्री रुग्ण दगावला तर जमाव अंगावर येतो.

औषधांचा विषय माझ्या रोजच्या कामाचा, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. मी ज्या रुग्णालयात शेवटची काही वर्षे होतो, तिथे साठा कमी आला की मधुमेहाच्या रुग्णाला तीस दिवसांऐवजी सात दिवसांच्या गोळ्या द्यायचो, म्हणजे सगळ्यांना थोड्या थोड्या पुरतील. एकदा घाटाच्या पायथ्याच्या गावातून आलेल्या एका आजीने मेटफॉर्मिनच्या पट्ट्या तळहातावर घेऊन मोजल्या आणि मला विचारले, “सातच दिवसांचा औषद? परत येवक गाडीभाडा कोण देतलो?” एसटीचे येण्याजाण्याचे भाडे त्या गोळ्यांच्या किमतीहून जास्त होते. आजी पुढच्या आठवड्यात आली नाही. दोन महिन्यांनी आली ती पायाची जखम घेऊन, आणि तेव्हा दाखल करावे लागल्यामुळे योजनेच्या कार्डाची चौकशी सुरू झाली. वहीत माझी नोंद बिनचूक होती: मागणी इतकी, पुरवठा इतका, शिल्लक इतकी.

हे टाळता येत नाही असे नाही. तमिळनाडूने 1994 मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. तिथे प्रत्येक सरकारी रुग्णालयाला पासबुक असते. वर्षाच्या तरतुदीची रक्कम त्यात लिहिलेली, आणि जिल्ह्याच्या गोदामातून जे औषध लागेल ते उचलायचे. ज्या भागात लेप्टो आहे तो डॉक्सिसायक्लिन जास्त उचलतो, ज्या भागात म्हातारी माणसे जास्त आहेत तो रक्तदाबाच्या गोळ्या. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून मोफत औषध योजना याच धर्तीवर सुरू केली. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी प्राधिकरणाचा कायदा केला आहे. त्याचे यश निविदा किती निघाल्या यावर न मोजता खिडकीवर औषध किती दिवसांचे मिळते यावर मोजावे.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न उरतोच, आणि त्याला गोड उत्तर नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. 2021-22 मध्ये, म्हणजे कोविडचा खर्च धरूनही, तो 1.84 टक्के होता. कर वाढवा किंवा इतर कुठला तरी खर्च कमी करा, तिसरी वाट मला दिसत नाही. ज्यांना पाच लाखांच्या कार्डाची खरी गरज नाही अशा माझ्यासारख्या निवृत्तिवेतनधारकाला तिसऱ्यांदा नवे कार्ड काढून देण्यापेक्षा तो पैसा तालुक्याच्या रिकाम्या पदांवर आणि औषधांच्या साठ्यावर आधी खर्च झाला, तर मी तक्रार करणार नाही. पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांना योजनेत घेतले, ते मात्र मला योग्य वाटते. चांगल्या पगाराचा माणूस सरकारी व्यवस्थेत येऊ लागला की तो तिथल्या संडासाच्या तुटलेल्या दाराबद्दल अर्ज करतो, आणि त्याच्या अर्जाला उत्तर येते.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. आपले वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत. आरोग्य योजनेत किती कार्डे वाटली, याचे आकडे आपल्याकडे सरकारी प्रसिद्धीपत्रकातून नियमित येतात आणि ते छापूनही येतात. त्यांच्या शेजारी महिन्यातून एकदा, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्या दिवशी किती दिवसांच्या मिळत होत्या आणि डॉक्टरांच्या मंजूर पदांपैकी किती भरलेली होती, एवढे दोन आकडे छापावेत. विचारायला पाच मिनिटे लागतील. साठ्याची वही खिडकीच्या आत डाव्या हाताला असते.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता,
दोडामार्ग तालुका, जि. सिंधुदुर्ग